फलंदाज गेला म्हणून फलंदाजच?

हुकमी फलंदाज संघाबाहेर गेला की त्याच्या जागी दुसरा चांगला फलंदाज घ्यावा, फलंदाजीची फळी जमेल तितकी लांबवावी आणि निदान सामना वाचेल अशा बेताने खेळावे, हा क्रिकेटमधला सर्वांत रुळलेला सल्ला आहे. कसोटी सामन्याच्या समालोचनात तो ऐकू येतो, तसा देगलूरला टेनिस बॉलच्या स्पर्धेसाठी टीम ठरवणाऱ्यांच्या तोंडीही असतो. खड्डा धावांचा पडला, तेव्हा तो धावांनीच भरायचा, असा त्यामागचा हिशेब. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो तीन ठिकाणी चुकतो. मोठ्या फलंदाजाचे काम फक्त धावा काढणे एवढेच तो धरून चालतो. सामने धावा कमी पडल्यामुळेच हरले जातात असे मानतो. आणि गेलेल्या खेळाडूच्या तोडीचा माणूस राखीव खेळाडूंत बसलेला असतो अशी त्याची समजूत असते. तसा माणूस असता तर तो आधीच अकरा जणांत असता.

मोठा फलंदाज संघासाठी चार कामे करतो. धावा काढणे हे त्यातले धावफलकावर दिसणारे काम. दुसरे काम वेळ काढण्याचे: नवा चेंडू जुना करायचा, प्रतिस्पर्ध्यांच्या वेगवान गोलंदाजांना दमवायचे, मागच्यांना सोपी परिस्थिती मिळवून द्यायची. तिसरे काम प्रतिस्पर्धी कर्णधाराचे सगळे नियोजन स्वतःवर ओढून घेण्याचे. समोरचा कर्णधार आपल्या सर्वोत्तम गोलंदाजाची षटके त्याच्यासाठी राखून ठेवतो आणि त्या सवलतीचा फायदा दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाला होतो. चौथे काम संघाची घडी ठरवण्याचे. तो चौथ्या क्रमांकावर भक्कम उभा असतो म्हणून सातव्या क्रमांकावर कोण खेळेल आणि गोलंदाज किती घ्यायचे, हे ठरवता येते. तो गेला की ही चारही कामे उघडी पडतात. त्याच्या क्रमांकावर आलेला नवा फलंदाज फार तर पहिल्या कामाचा काही भाग उचलतो. उरलेल्या तीन कामांचे काय, याचे उत्तर रुळलेल्या सल्ल्यात नाही.

जागेवर जागा भरण्याचा सर्वांत यशस्वी प्रयोगही हेच दाखवतो. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकर वानखेडेवर आपला दोनशेवा कसोटी सामना संपवून निवृत्त झाला. १५,९२१ कसोटी धावा करणाऱ्या फलंदाजाची चौथ्या क्रमांकाची जागा कोण घेणार, ही चिंता फार काळ टिकली नाही. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला विराट कोहली त्या क्रमांकावर उतरला आणि त्याने ११९ व ९६ धावा केल्या. पुढच्या वर्षाअखेरच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याने चार शतकांसह ६९२ धावा काढल्या. ताऱ्याच्या जागी तारा मिळण्याचे यापेक्षा चोख उदाहरण सापडणे कठीण. निकाल मात्र असे लागले: दक्षिण आफ्रिकेत ०-१, न्यूझीलंडमध्ये ०-१, इंग्लंडमध्ये १-३, ऑस्ट्रेलियात ०-२. अॅडलेडला कोहलीने दोन्ही डावांत शतके ठोकली आणि भारत ४८ धावांनी हरला. खड्डा धावांचाच असता तर तो केव्हाच भरला होता. अडचण समोरच्या संघाचे वीस गडी बाद करण्यात होती. २०१५ मध्ये श्रीलंकेत कर्णधार म्हणून कोहलीने स्वतःच पाच गोलंदाजांचा आग्रह धरला, एका फलंदाजाची जागा सोडली आणि पहिली कसोटी हरूनही मालिका २-१ अशी जिंकली.

पाच वर्षांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर आला, कारण या वेळी संघाबाहेर जाणारा तारा कोहली होता. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडच्या दिवस-रात्र कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. जोश हेझलवूडने ८ धावांत ५ आणि पॅट कमिन्सने २१ धावांत ४ गडी बाद केले. त्या सामन्यानंतर कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतला आणि मोहम्मद शमी हात मोडल्यामुळे बाहेर गेला. ऑस्ट्रेलिया मालिका ४-० अशी जिंकणार, अशी भाकिते होऊ लागली. मात्र ३६ धावांच्या त्या डावात कोहली संघात होता आणि त्याने ४ धावा केल्या होत्या, हे या भाकितांत बसत नव्हते. पहिल्या डावाची कथाही तीच. अजिंक्य रहाणेशी ताळमेळ चुकून कोहली ७४ धावांवर धावबाद झाला तेव्हा धावफलक ४ बाद १८८ होता. उरलेले सहा गडी ५६ धावांत तंबूत परतले. कमजोरी कोहलीच्या जाण्याने निर्माण झाली नव्हती. तो असताना ती झाकली जात होती, एवढेच.

मेलबर्नच्या पुढच्या कसोटीसाठी संघ निवडताना रुळलेला मार्ग समोर तयार होता. के. एल. राहुलसारखा अनुभवी फलंदाज दौऱ्यावर होता आणि त्याला कोहलीच्या जागी घ्यावे अशी अपेक्षा सर्वत्र होती. रवी शास्त्री प्रशिक्षक आणि रहाणे कर्णधार असलेल्या संघव्यवस्थापनाने त्या जागी रवींद्र जडेजाला घेतले. फलंदाजी दुबळी झालेली असताना आणखी एक गोलंदाज घेणे म्हणजे वेडेपणा, असे तेव्हा वाटू शकत होते. आकडे निराळे सांगतात. त्या वेळी कोहलीची कसोटी सरासरी ५३ च्या वर होती. राहुलची आणि जडेजाचीही ३५ च्या आसपास. दोघांपैकी कोणालाही घेतले तरी फलंदाजीतली घट सारखीच राहणार होती. राहुलला घेतल्याने ती भरून निघणार नव्हती. जडेजाला घेतल्याने मात्र पाचवा गोलंदाज पदरात पडत होता. शुभमन गिल, ऋषभ पंत आणि मोहम्मद सिराज हे आणखी तीन बदल झाले. अॅडलेडला भारताच्या पहिल्या आठ फलंदाजांत एकही डावखुरा नव्हता. मेलबर्नला सहाव्या आणि सातव्या क्रमांकावर पंत व जडेजा आले. गोलंदाजांना आता टप्पा आणि क्षेत्ररचना वारंवार बदलावी लागणार होती. प्रतिस्पर्धी कर्णधाराला गुंतवून ठेवण्याचे कोहलीचे काम अशा रीतीने डाव्या-उजव्या जोड्यांवर सोपवले गेले. चौथ्या क्रमांकावर रहाणे स्वतः गेला.

सामना कसा घडला हे जवळून पाहिले तर त्या निवडीचा अर्थ उलगडतो. २६ डिसेंबरच्या सकाळी खेळपट्टीत ओलावा आहे हे दिसताच रहाणेने रविचंद्रन अश्विनच्या हाती लवकर चेंडू दिला. ऑस्ट्रेलियातल्या कसोटीच्या पहिल्या सत्रात फिरकीला असे पुढे करण्याची प्रथा नाही. जम बसलेला मॅथ्यू वेड उंच फटका मारण्याच्या नादात बाद झाला. मग स्टीव्ह स्मिथसाठी लेगसाइडला जवळ उभ्या केलेल्या चेतेश्वर पुजाराच्या हातात झेल गेला आणि स्मिथ शून्यावर परतला. लेगसाइडला क्षेत्ररक्षक लावून यष्ट्यांच्या रोखाने मारा करायचा आणि ऑफसाइडच्या धावा तोडायच्या, ही योजना गोलंदाजी प्रशिक्षक भरत अरुण यांनी दौऱ्याआधीपासून आखलेली होती. ऑस्ट्रेलिया १९५ धावांत गारद झाली.

भारताच्या डावात ५ बाद १७३ अशी स्थिती असताना जडेजा रहाणेच्या साथीला आला. दोघांनी १२१ धावांची भागीदारी केली. रहाणेने ११२ आणि जडेजाने ५७ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात उमेश यादव आपल्या चौथ्या षटकात पोटरी धरून मैदानाबाहेर गेला. त्याच्या नावावर फक्त ३.३ षटके लागली, डाव चालला १०३.१ षटके. अॅडलेडसारखे चारच गोलंदाज असते तर उरलेली जवळपास शंभर षटके तिघांच्या गळ्यात पडली असती आणि त्यातला सिराज पहिलीच कसोटी खेळत होता. पाच होते म्हणून चार उरले. जडेजाने १४ षटकांत २८ धावा देऊन २ गडी बाद केले. ऑस्ट्रेलियाच्या एकाही फलंदाजाला त्या सामन्यात अर्धशतक करता आले नाही. विजयासाठी ७० धावांचे लक्ष्य भारताने ८ गडी राखून गाठले. कोहलीच्या ज्या धावा कमी पडणार होत्या, त्या ऑस्ट्रेलियाला न दिलेल्या धावांतून वसूल झाल्या.

पुढच्या दोन सामन्यांत वेळ आणि वेग ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांत वाटली गेली. सिडनीत ४०७ धावांचे लक्ष्य होते. पाचव्या सकाळी रहाणे लवकर बाद झाल्यावर हनुमा विहारीच्या आधी पंतला पाठवण्यात आले. त्याने ९७ धावा करून ऑस्ट्रेलियाला बचावाची क्षेत्ररचना लावायला भाग पाडले. पलीकडे पुजारा ७७ धावांपर्यंत टिकून राहिला. ते दोघे गेल्यावर मांडीचा स्नायू दुखावलेला विहारी १६१ चेंडू आणि पाठदुखीने बेजार झालेला अश्विन १२८ चेंडू खेळून नाबाद राहिले आणि सामना वाचला. ब्रिस्बेनला तर जडेजा, अश्विन, विहारी आणि जसप्रीत बुमरा हे चौघेही दुखापतींमुळे बाहेर होते. अशा वेळी जादा फलंदाज घेऊन पराभव लांबवण्याचा मोह साहजिक होता. भारत पुन्हा पाच गोलंदाज घेऊन उतरला. पहिल्याच डावात नवदीप सैनी ७.५ षटकांनंतर जायबंदी झाला आणि मेलबर्नचा हिशेब पुन्हा खरा ठरला. पाचांतले दोघे, वॉशिंग्टन सुंदर आणि पालघरचा शार्दूल ठाकूर, ६ बाद १८६ वरून १२३ धावा जोडून गेले. शेवटच्या दिवशी गिलने ९१ धावा करून पाया घातला, पुजाराने अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या आणि पंतने नाबाद ८९ धावा करून ३२८ धावांचे लक्ष्य गाठून दिले. १९८८ पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर कसोटी हरलेली नव्हती.

मालिकेचा एकूण ताळेबंद या युक्तिवादाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. भारताकडून पंतने २७४, पुजाराने २७१, रहाणेने २६८ आणि गिलने २५९ धावा केल्या. पहिल्या चौघांत १५ धावांचे अंतर आणि तीनशेचा टप्पा कोणीच गाठलेला नाही. चार कसोटींत भारताचे शतक एकच. दोन वर्षांपूर्वीच्या, २०१८-१९ च्या दौऱ्यात भारत २-१ नेच जिंकला होता. तेव्हा एकट्या पुजाराच्या ५२१ धावा होत्या. दोन्ही मालिकांचा निकाल सारखा असला तरी धावांची वाटणी अगदी वेगळी होती. ताऱ्याची भरपाई दुसऱ्या ताऱ्याने झालीच नाही. ती चार-पाच जणांत विभागली गेली.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप वजनदार आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाही डेव्हिड वॉर्नरविना खेळत होती, स्मिथ हरवलेला होता, म्हणजे नशिबाचा भाग मोठा होता, असे म्हटले जाते. नशिबाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण सिडनी आणि ब्रिस्बेनला वॉर्नर परतला होता, स्मिथने सिडनीत १३१ धावा केल्या होत्या आणि जायबंदी खेळाडूंची रांग भारताकडे लांब होती. शिवाय स्मिथ शून्यावर बाद झाला तो लेगसाइडला मुद्दाम लावलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हाती. त्याला नशीब म्हणणे म्हणजे आखणीचे श्रेय काढून घेणे.

दुसरा आक्षेप टोकाचा आहे: मग कोहलीची गरजच नव्हती, त्याच्या सावलीतून संघ मोकळा झाला म्हणून जिंकला, रहाणेच्या शांत स्वभावाने चमत्कार केला. हा तर्क ताऱ्याच्या भक्तीइतकाच आंधळा आहे. अॅडलेडच्या पहिल्या डावात ७४ धावा करणारा फलंदाज कोणत्याही संघाला हवाच असतो. संगमनेर तालुक्यात जन्मलेल्या आणि डोंबिवलीत वाढलेल्या रहाणेचा संयम खराच, परंतु संयमाने षटके टाकली जात नाहीत. पाचवा गोलंदाज नसता तर उमेश गेल्यावर तोच शांत कर्णधार कोणाच्या हाती चेंडू देणार होता?

तिसरा आक्षेप २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यावरून घेतला जातो. मे महिन्यात रोहित शर्मा आणि पाठोपाठ कोहली कसोटीतून निवृत्त झाले. गिल कर्णधार झाला, चौथ्या क्रमांकावर गेला आणि त्याने मालिकेत ७५४ धावा केल्या. संघाने अष्टपैलू घेऊन फलंदाजी लांबवली आणि मालिका २-२ अशी सोडवली. म्हणजे फलंदाजी लांबवण्याचा सल्ला बरोबरच ठरला, असा हा युक्तिवाद. तपशील त्याला साथ देत नाही. लीड्सला भारताने पाच शतके आणि दोन डावांत मिळून ८३५ धावा केल्या आणि तरी तो सामना ५ गड्यांनी गमावला. शेपूट दोन्ही डावांत कोसळले हे खरे, पण चौथ्या डावात इंग्लंडने ३७१ धावांचे लक्ष्य सहज गाठले हे त्याहून खरे. एजबॅस्टनला गिलच्या ४३० धावा डोळे दिपवणाऱ्या होत्या. सामना जिंकून दिला तो आकाश दीपच्या दहा आणि सिराजच्या सात बळींनी. मँचेस्टरला जडेजा आणि सुंदरच्या नाबाद शतकांनी सामना अनिर्णित राहिला आणि लांब फलंदाजीचा तेवढा फायदा मान्य करावा लागतो. ओव्हलचा विजय ६ धावांचा होता आणि तो सिराजच्या पाच बळींनी आला. कुलदीप यादव पाचही सामने बाहेर बसला. लांब फलंदाजीने एक सामना वाचवला. जिंकलेले दोन्ही सामने गोलंदाजांनी जिंकले.

चौथा आक्षेप सर्वांत नेमका आहे. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी इंदूरला महिला विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध भारताने जेमिमा रॉड्रिग्जला वगळून सहावी गोलंदाज घेतली आणि २८९ धावांचा पाठलाग ४ धावांनी हुकला. फलंदाज काढून गोलंदाज घेण्याचा डाव येथे अंगलट आला. पण पन्नास षटकांच्या सामन्यात पाच गोलंदाज प्रत्येकी दहा षटके टाकून डाव पूर्ण करतात; सहावा हा विमा असतो. कसोटीत षटकांना मर्यादा नसते आणि पाचवा गोलंदाज हा गरजेचा भाग असतो. म्हणून ‘फलंदाज गेला की गोलंदाज घ्या’ हेही सूत्र नव्हे. सामना काय मागतो ते मोजून निवड करायची, एवढाच नियम टिकतो.

त्याच स्पर्धेचा पुढचा भाग हा नियम सिद्ध करतो. अमोल मुझुमदार यांच्या मार्गदर्शनाखालील संघाने जेमिमाला परत आणून तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. साखळीच्या अखेरच्या सामन्यात सलामीची प्रतिका रावल घोट्याच्या दुखापतीने स्पर्धेबाहेर गेली. तोपर्यंत तिच्या ३०८ धावा झाल्या होत्या आणि सांगलीच्या स्मृती मानधनासोबतची तिची सलामी हा फलंदाजीचा कणा होता. मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला बोलावण्यात आले. वरकरणी ही सलामीवीराच्या जागी सलामीवीर अशी अदलाबदल. पण प्रतिका डाव बांधणारी आणि शफाली पहिल्या षटकापासून प्रहार करणारी, आणि शफालीला प्रतिकासारखे खेळायला कोणी सांगितले नाही. उपांत्य सामन्यात ती लवकर बाद झाली; जेमिमाने तिसऱ्या क्रमांकावरून नाबाद १२७ धावा करून ३३९ धावांचे लक्ष्य पार करून दिले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेची भागीदारी फुटेना तेव्हा कर्णधार हरमनप्रीत कौरने तिच्याच हाती चेंडू दिला. तिने दोन गडी बाद केले. भारत ५२ धावांनी जिंकला.

हाच विचार तालुक्याच्या मैदानावर लावला तर सल्ला किती बदलतो ते दिसते. तेलंगण आणि कर्नाटकच्या सीमेलगतच्या देगलूर भागात, तसेच मुखेड, बिलोली, उदगीरकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा चालतात. टीमचा हुकमी बॅटर कामासाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेला की दोनच पर्याय चर्चेत येतात: एन्ट्री रद्द करायची किंवा वर्गणी काढून बाहेरगावचा बॅटर आणायचा. आठ ओव्हरच्या सामन्यात ४८ चेंडू आणि दहा विकेट असतात. म्हणजे दर पाच चेंडूंना एक विकेट गेली तरी डाव पुरतो. येथे वेळ काढण्याचे काम उरतच नाही आणि एका बॅटरला जपण्याचे कारणही नाही. मारणाऱ्यांना वरच्या क्रमांकावर सोडले तर गेलेल्या बॅटरचे वीस-बावीस चेंडू तिघांत वाटून घेता येतात. खरी गळती दुसरीकडे असते. एका बॉलरला साधारण दोनच ओव्हर मिळतात, म्हणजे चार बॉलर लागतात. बहुतेक टीमकडे तीन धड असतात आणि चौथ्याच्या बारा चेंडूंत सामना हातातून जातो. वर्गणीच्या पैशांनी बाहेरचा माणूस आणायचाच असेल तर तो यॉर्कर टाकणारा असावा. गावातल्याच एखाद्या पोराकडून रोज संध्याकाळी तेवढे बारा चेंडू घोटवून घेतले तर वर्गणीही वाचेल.

तारा फलंदाज गेल्यावर निर्णयांचा क्रम म्हणून असा लागतो. तो कोणती कामे करत होता त्यांची आधी यादी करायची. त्यातली कोणती कामे या प्रकारच्या सामन्यात अत्यावश्यक आहेत ते ठरवायचे. जी आहेत ती संघातल्या असलेल्या खेळाडूंत वाटायची, गरज पडल्यास फलंदाजीचा क्रम मोडून. जेवढ्या धावा तरीही कमी पडतील, तेवढ्या समोरच्याला कमी देण्याची तजवीज गोलंदाजी आणि क्षेत्ररचनेतून करायची. मोकळ्या जागेवर कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न या सर्वांनंतर येतो. रुळलेला सल्ला तोच प्रश्न पहिला घेतो आणि बाकीचे विचारातच घेत नाही.